मर्ल घर घेऊन गेला त्याबाबत

नाव नोरीन स्टोडर्ड, वय ७१ वर्षे, धंदा पूर्वी शाळेत स्वयंपाक, आता काही नाही. राहणार घरगाडीत, सध्या मुक्काम ड्राय वेल्स गावाबाहेरील वाळवंट, राज्य ॲरिझोना. कायमचा पत्ता साउथ डकोटातील एक टपालपेटी. लायसन मिळायला त्या राज्यात एक रात्र राहावे लागते, तेवढी एकच रात्र आम्ही तिथे झोपलो आहोत.

मी समक्ष ठाण्यात येऊन, हवालदार ओर्तेगाबाईंनी विचारल्यावरून सांगते की, माझे पती मर्ल, वय ७४, आणि मी अशी दोघे बसएवढ्या घरगाडीत राहतो. वेगळी मोटार होती, ती विकली. त्यामुळे दूध आणायचे तरी अख्खे घर बाजारात न्यावे लागते.

आमची एक शिस्त आहे. पायरी, अँटेना किंवा माणूस, काहीही बाहेर असले की स्टिअरिंगला कपडे वाळत घालायचा लाल चिमटा लावायचा. चिमटा दिसला की मर्ल किल्ली फिरवत नाही. गाडी मागे घेताना मी मागे उभी राहून आरशात दिसेल असा हात दाखवते. गेल्या वर्षापासून तो बरेच काही विसरतो, पण या दोन गोष्टी विसरत नाही.

आज बाजारहाटाचा दिवस. आधी गॅस भरला, मग पाणी. नंतर कपडे धुण्याच्या दुकानामागे गाडी लावली. मर्ल पुढच्या सीटवर पेंगत होता. "चादरी मशीनला लावून आलेच," असे सांगून मी पिशव्या घेऊन उतरले. तो "हं" म्हणाला.

मी परत बाहेर आले तेव्हा घर जागेवर नव्हते. खाली एसीच्या पाण्याचा ओला डाग होता. माझा हात खिशात गेला, तर सदर लाल चिमटा त्यात मिळाला. धुण्याचा दिवस म्हणून सगळे चिमटे गोळा करताना मी तोही उचलला होता. स्टिअरिंग मोकळे दिसले म्हणून तो निघाला, यात त्याची काही चूक नाही.

माझा फोन गाडीतच होता. दुकानाच्या मालकीण ग्लिनिसबाई यांच्या फोनवरून मी दोघांचेही नंबर लावले. मर्ल स्वतःचा उचलत नाही. माझा वाजला तर तो मागे तोंड करून ओरडणार, "अगं ए म्हातारे, तुझा फोन!" मी मागच्या खाटेवर झोपले आहे असेच त्याला वाटत असणार. ग्लिनिसबाई म्हणाल्या, "घर सोडून गेलेले नवरे पुष्कळ बघितले, घर घेऊन गेलेला हा पहिलाच." मला हसू आले आणि लगेच रडू आले. त्यांनीच मला इथे आणून सोडले.

हवालदारांनी विचारले, "बाई, एवढं विसरतात, तरी गाडी त्यांच्याच हातात?" मी म्हटले, किल्ली काढून घेतली तर घरही जाईल, मग आम्ही जायचे कुठे. हे लिहू नका असेही म्हटले, पण त्यांनी लिहिले. पुढे घाटाचा रस्ता आहे आणि तो गोळी घ्यायची विसरला असेल, एवढेच माझ्या डोक्यात फिरत होते.

जबाब चालू असताना वायरलेसवर निरोप आला. आमच्या मुक्कामाच्या जागेपाशी एक घरगाडी वाटेत आडवी उभी आहे, इंजिन चालू आहे. आतला म्हातारा बराच वेळ आरशात बघत बसला आहे. तिथे पोचलेल्या शिपायाने गाडी मागे घ्या म्हटले तर त्याच्यावरच डाफरतो, "जरा दम धरा की! बायको उतरलीय. तिनं हात दाखवल्याशिवाय मी इंचभर मागे घेत नसतो."

ओर्तेगाबाई वायरलेसवरून त्या शिपायाला म्हणाल्या, "अरे, मग मागे जाऊन तूच दाखव ना हात."

मी त्यांचे मनगट धरले. नको म्हटले. कोणीही हात वर करू नका. मला तिकडे न्या. तो माझी वाट बघतो आहे, आरशात मीच दिसले पाहिजे.

जबाब वाचून दाखवला, सांगितला तसाच आहे. कोणाविरुद्ध तक्रार नाही. चादरी अजून मशीनमध्ये आहेत, त्या राहू देत. सही पोलिसांच्या गाडीत बसून करते.