हिरवी रेघ

मॉरीन : थांब. हिरवी म्हणालीस? नक्की हिरवी?

रेविन : कोवळ्या वाटाण्यासारखी. या, वाकून बघा, बोनेट उघडंच आहे. ही पिवळी रेघ माझी. बोल्ट आवळायचा, पाना ‘कट्ट’ वाजला की वरून रंगाची रेघ मारायची. पुढे बोल्ट हलला तर रेघ मोडलेली दिसते. आणि ही तिच्या शेजारची. ही माझी नाही.

मॉरीन : मग आमच्या ह्यांची, डंकनची असेल. तुला विकली तेव्हा अर्धी गाडी त्यानंच बांधली होती.

रेविन : अर्धी कुठली, मॉरीनबाई! तुम्ही दिलात तो सांगाडा, चार चाकं आणि पेटीभर बोल्ट. सीटबेल्ट मी जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात बसवले, ब्रेकची नळी ऑगस्टमध्ये. त्यांच्यावरही हिरवी आहे. म्हणून तुम्हाला बोलावलं. डंकनचा कुणी भाऊबिऊ आहे का, गॅरेजची किल्ली असलेला? कारण ते स्वतः गोर गावच्या शुश्रूषागृहात दोन वर्षं पडून आहेत. ते काय बर्फातनं पाना घेऊन चालत येणार?

मॉरीन : असं बोलू नकोस गं.

रेविन : चुकलं. दुधाचा टँकर चालवून चालवून जीभ सैल झालीय माझी.

आई : (स्वयंपाकघराच्या खिडकीतून) रेविन! निघायचं का? तासभर डोक्याला रुमाल बांधून बसलेय मी. हातमोजेसुद्धा घातलेत!

रेविन : दहा मिनिटं, आई! चहा घे!

आई : दोनदा घेतला! आता आणखी घेतला तर घाटात थांबावं लागेल!

रेविन : ऐकलंत? एक्क्याऐंशीची आहे म्हातारी. शुक्रवारी नंबरपाटी मिळाली तेव्हापासून हिच्या अंगात आलंय. आज पहिली फेरी, घाट उतरून थेट समुद्र. म्हणते, मेले तर वाऱ्यात मरेन. आणि मलाही कमी हौस नाही हो. आजवर चालवली ती नवऱ्याची, नाहीतर डेअरीची. पन्नाशीत पहिल्यांदा माझी स्वतःची गाडी. असेना का जुन्या उघड्या रेसगाडीची नक्कल! अस्सल घ्यायची तर अख्खं शेत मेंढ्यांसकट गेलं असतं.

मॉरीन : मला जरा बसू दे. हे टायर चालेल.

रेविन : अहो, पांढऱ्याफटक पडलात की. पाणी आणू?

मॉरीन : नको. हिरवा डंकनचा रंग होता. टेकड्यांवर खत टाकणारी विमानं असतात ना, त्या धावपट्टीवर तो मिस्त्री होता. तिथला नियम, एकानं आवळायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं. दोघांचे दोन रंग. तपासणारा डंकन. त्याची हिरवी रेघ नसेल तर विमान उडायचं नाही.

रेविन : मग हे मला आधी का नाही सांगितलंत?

मॉरीन : कारण एका सकाळी जोडीदार आलाच नाही. वारा पडलेला, वैमानिक घाईला आलेला. डंकननं स्वतःच आवळलं, आणि दोन्ही रंग स्वतःच लावले. वैमानिक माझा भाऊ होता. कीथ.

रेविन : अरे देवा.

मॉरीन : विमान पडलं. डंकननं आवळलेला शेपटीचा तुकडा सापडलाच नाही. डंकनची चूक होती की नव्हती, कुणालाच कळलं नाही. कळलं असतं तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या, दोघं मिळून रडलो असतो, संपलं असतं. ही गाडी त्यानं पुढे पंधरा वर्षांनी आणली. सांगाड्याला चाकं लावली आणि थांबला. म्हणाला, मो, एकट्यानं बांधायची वस्तू आहे ही. दुसरा हात आणू कुठून? ताडपत्री टाकली ती टाकलीच.

रेविन : तरी मला सांगा, या रेघा मारतं कोण?

मॉरीन : तू तारखा लिहिल्यास का कामाच्या?

रेविन : लिहाव्याच लागतात, गाडी पास करणाऱ्या तपासनीसाला वही दाखवायची असते. ही घ्या. काम बहुतेक बुधवारचं, त्या संध्याकाळी टँकर नसतो. सीटबेल्ट, एकोणीस जून.

मॉरीन : वीस जूनला माझा वाढदिवस. मी केक घेऊन गेले होते. भरवायच्या आधी त्याचे हात धुतले.

रेविन : बरं, मग?

मॉरीन : नखांत हिरवा रंग होता.

रेविन : काहीतरीच.

मॉरीन : परिचारिका मला ओरडतात, रंग आणून देत जाऊ नका म्हणून. मी कशाला देऊ! त्याला चमचा धरता येत नाही, रेविन. मी दर गुरुवारी जाते आणि साबणानं घासून काढते. मला वाटायचं, तिथं कुणीतरी म्हाताऱ्यांना चित्रं काढायला बसवतं. ब्रेकची नळी कधी?

रेविन : सात ऑगस्ट. बुधवार. अहो, माझ्या अंगावर काटा आला. पुरे आता.

मॉरीन : या बुधवारी काय केलंस?

रेविन : या बुधवारी? काही नाही. म्हणजे किरकोळ. का?

मॉरीन : या गुरुवारी त्याचे हात स्वच्छ होते. मला केवढं बरं वाटलं होतं.

आई : रेविन! ढग येतायत हं समुद्राकडनं!

रेविन : आले, आई! मॉरीनबाई, गाडी पास झालीय. तपासनीसानं सप्टेंबरात पोटाखाली झोपून एकेक बोल्ट बघितलाय.

मॉरीन : मी बुधवारचं विचारतेय.

रेविन : स्टेअरिंगचा दांडा काढला होता. खालचं रबर चिरलं होतं, ते बदललं आणि दांडा परत बसवला. एकच बोल्ट, तो बघा, पार खाली. हात जेमतेम जातो.

मॉरीन : त्याच्यावर हिरवी नाही.

रेविन : पिवळी आहे ना पण! माझी आहे!

मॉरीन : मी रेघ नाही विचारली. आवळलास का?

रेविन : आवळल्याशिवाय मी रेघ मारते होय? आधी आवळायचा, मग... थांबा. हात आत गेलाच होता. परत कुठे कोपर सोलून घ्या, म्हणून रेघ आधी मारून घेतली. मग पाना घ्यायला वळले, तर आईनं हाक मारली. मेंढ्या कोबीत शिरल्या होत्या.

मॉरीन : मग?

रेविन : मग मेंढ्या हाकलल्या.

मॉरीन : आणि परत आल्यावर?

रेविन : परत आल्यावर पिवळी रेघ दिसली.

मॉरीन : पाना लाव, पोरी.

रेविन : लावते. सरका जरा. हं... पान्याची गरजच नाही.

मॉरीन : म्हणजे?

रेविन : बोटानं फिरतोय.

मॉरीन : रडू नकोस. आधी आवळ.

रेविन : घाटाच्या पहिल्याच वळणाला हातात नुसतं चाक आलं असतं. शेजारी आई, रुमाल बांधून. मीच मारलं असतं तिला. माझ्या हातानं रेघ मारून!

मॉरीन : आवळ म्हणते ना.

रेविन : हं. कट्ट. ऐकलंत? आता वाजला. पण आज नाही जाणार मी. शेजारी हिरवी उमटेपर्यंत हिला दाराबाहेर काढणार नाही, मग उन्हाळा उलटला तरी चालेल.

मॉरीन : दोन वर्षं काम करतोय तो, आता त्याला झोपू दे. दुसरा हातच हवा ना? माझा घे. नवरा करायचा ते चाळीस वर्षं बघितलंय मी. पाना दे इकडे.

रेविन : कोपर सांभाळा. खाली, अजून खाली. लागला?

मॉरीन : लागला. कट्ट. घट्ट आहे. काढते हात.

रेविन : मॉरीनबाई, तुमचं बोट.

मॉरीन : काय झालं? खरचटलं?

रेविन : बोट बघा तुमचं. तुम्ही येताना रंग आणला होतात का?

मॉरीन : नाही गं.

रेविन : माझ्या गॅरेजात हिरवा नाही. कधीच नव्हता.

मॉरीन : ओला आहे अजून.

आई : आले बाई मीच बाहेर! तुम्हा दोघींना काय धाड भरलीय? भूत बघितल्यासारखे चेहरे करून उभ्या आहात. मॉरीन, तुला बरं नाही का?

रेविन : आई, आज आपण...

आई : कळलं. सीटं दोनच आहेत, मला मोजता येतं. जा, हिला फिरवून आण आधी. समुद्र काही कुठे पळून जात नाही. हा घे रुमाल, मॉरीन, हनुवटीखाली घट्ट बांध.

रेविन : समुद्रावर जाऊ या, मॉरीनबाई?

मॉरीन : नको. गोरला घे. त्याचे हात धुवायचेत.