साच्यावर नाव

...आन वरून लोक मलाच इचारत्यात, "सरूबाई, ह्ये रबर भट्टीत कावून घातलं?" आता कावून म्हंजे काय सांगू तुमाला! आमच्या शिरूर कासारकडं टँकर येतो आठ दिसांनी, घराला चार घागरी, त्यात केकचे पत्र्याचे साचे घासायचे का लेकरांला पाणी पाजायचं? आमी अकरा बायांनी सहकारी संस्था काढली, गूळ-बाजरीचा केक करायचा, अंबाजोगाईला कॉलेजच्या कॅन्टीनला नमुना द्यायचा, पसंत पडला तर रोज माल, आन रोज माल गेला तर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या ट्रकात चढायचं न्हाई. म्या गावाला सांगूनच टाकलं, यंदा कोयता उचलायचा न्हाई म्हंजे न्हाई.

तर ट्रेनिंगच्या मॅडमनं दिले सिलिकॉनचे साचे, रबरासारखे मऊ. "केक आपसूक सुटतो, कोमट फडक्यानं पुसलं की झालं." पाणीच लागंना की हो! पण केशरबाई, आमच्यातली थोरली, तिनं साचा हुंगला, नाक मुरडलं, "सरू, चप्पल भाजून लोकांला घालती का? उद्या पोरं वकायला लागली तर?"

बरं, तिचं बी खरं. लोकांच्या लेकरांच्या पोटाचा सवाल. मंग मी बसले हटून. फूडग्रेड लिहिलेलं बघितलं. मॅडम म्हणल्या पिरगाळून बघा, पांढरी रेघ उठली तर भेसळ... पिरगाळला, मनगट दुखलं, रेघ उठली न्हाई. तासभर रिकामाच भट्टीत तापवला, काटा दोनशेवीसच्या वर जाऊ दिला न्हाई. भिताडावर कागद डकवला, इस्तवावर ठेवू नका, सुरी लावू नका. आन पैला केक? म्या खाल्ला. दोन दिस धा बाया माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. जरा ढेकर आला की, "दुखतंय का गं?" नवरा म्हणतो, "तुला काय झालं तर?" म्हणलं होऊंद्या, पण यंदा कोयता उचलायचा न्हाई म्हंजे न्हाई. तिसऱ्या दिशी केशरबाईनं सोता एक खाल्ला, म्हणली, "गूळ कमी हाय."

म्हंजे पास!

आता गप बसावं का न्हाई माणसानं? पण नमुन्याच्या आदल्या दिशी केशरबाईला आठवलं, साच्यावर नाव कुठंय? आता तुमाला तर ठावं हाय, लग्नाकार्यात भांडं एकदा भायेर गेलं की नावावरच घरी येतंय. बिननावाचं भांडं, ज्याच्या हाती त्याचं. मला पटलं. गेले साचे घिऊन युसूफभाईच्या भांड्याच्या दुकानात, त्येंची नाव टाकायची मशीन, टर्रर्र... युसूफभाई म्हणत्यात, "भाभी, ये रबर हय, इसपे नाम नय बैठता." मी म्हणलं, बसवा. त्येंनी टाकलं, अक्षर दिसंना. मी म्हणलं, दाबा. "भाभी, फटेगा." म्हणलं, संस्थेचं नाव हाय, पुरं दिसलं पायजे, दाबा अजून! आन नाव बी केवढं, जिद्द महिला औद्योगिक सहकारी संस्था मर्यादित... बारा साच्यांवर, बुडाला, पुरं.

सुरी लावू नका, ह्यो कागद म्याच डकवलेला बरं का.

सकाळी पीठ वतलं, भट्टीत ठेवलं, उघडून बघते तर साचे रिकामे आन नावाच्या चिरांतून सगळं पीठ ट्रेमधी वाहून खरपूस भाजलेलं! साच्यापासून माणसाला धोका हाय का, आमी धा दिस तपासलं. माणसापासून साच्याला हाय का, कुणी इचारलंच न्हाई.

रडू आलं मला, खोटं कावून सांगू. अंबाजोगाईची गाडी दोन तासांत. डोळ्याम्होरं उसाचा फड उभा राह्यला. केशरबाई म्हणली, "रडायला पाणी लई झालं का तुला?" आन गेली घरी, स्टीलच्या वाट्या घिऊन आली, लग्नात आलेल्या. मंग सगळ्याच पळाल्या. अठ्ठेचाळीस वाट्या! तूप लावलं, पीठ भरलं, भाजलं, गाडी गाठली.

कॅन्टीनवाले राधाकिशनशेठ. एक खाल्ला. दुसरा खाल्ला. म्हणले, "उद्यापासून रोज पाठवा, पण असाच, वाटीच्या आकाराचा. दिसायला घरचा वाटतो."

असाच! वाटीतलाच! आता रोज अठ्ठेचाळीस वाट्या, बुडाला चिकटलेला गूळ, आन टँकर आठ दिसांनी. राखंनं घासते, फडक्यानं पुसते, वाट्यांवरची नावं वाचून ज्याची त्याला देते.

कोयता खुंटीलाच हाय बघा, उचलला न्हाई. हातात घासणी हाय म्हणून उचलता बी यीना.