बखीताबाईंच्या फॉर्मातला सातवा रकाना

...आणि त्या फॉर्मात सातव्या रकान्यात काय विचारलं होतं, माहीत आहे? ‘अर्जदार बाईंना काम करताना तुम्ही किती वर्षं बघत आला आहात?’ आता याला मी काय उत्तर देऊ? तुम्हाला सांगतो, मी त्यांना बघितलेलंच नाही. तीन वर्षं एकत्र काम केलं, शंभराच्या वर लग्नं केली, म्हणजे आमची नाही, लोकांची, पण बघितलेलं नाही. हसू नका. हसलात तर मी गप्प होईन आणि मी एकदा गप्प झालो की पुन्हा सुरू होत नाही. आमच्या जयगडच्या मास्तरांना विचारा, सातवीत मला कविता म्हणायला उभं केलं, पहिली ओळ म्हटली, मागून कोणीतरी खोकलं, मी खाली बसलो आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेतच गेलो नाही. म्हणून एका दमात सांगतो, मधे कोणी खोकू नका.

तर मी रियाधला. इकडे अल सुलै म्हणून भाग आहे, सगळी गोदामं. त्यातल्या एका गोदामात आमच्या कफीलाचा, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाचा, अबू फहदचा, लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा. इकाम्यावर, म्हणजे राहायच्या परवान्यावर, माझा व्यवसाय मेंढपाळ लिहिलाय. का लिहिलाय ते मला विचारू नका, व्हिसा मेंढपाळाचा मिळाला म्हणून लिहिलाय. माझं काम लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकर लावायचं. इकडे बायकांचा हॉल वेगळा, पुरुषांचा वेगळा, आणि मजा सगळी बायकांकडे. गाणाऱ्या बायका येतात, सातआठ जणी, डफ वाजवतात, आणि असं वाजवतात की भिंतीचा रंग सुटावा. मग मी काय करायचं? दुपारी हॉल रिकामा असताना आत जायचं, स्पीकर लावायचे, माइक ठेवायचे, आणि बायका यायच्या आधी बाहेर. मागे एक कोठी असते, खुर्च्या ठेवायची. तिथे माझा मिक्सर. भिंतीला वायरी जाण्यापुरतं भोक. त्या भोकाला मी कान लावून बसायचं आणि आवाज वरखाली करायचा. डोळा लावला तर त्याच दिवशी विमानात. लावलाच नाही कधी, देवाशपथ.

त्या ताफ्याच्या मुख्य बखीताबाई. पोर्ट सुदानच्या. नवरा वारलेला, आई आणि दोन मुली तिकडे गावी. त्यांचा भाऊ उस्मान ताफ्याची गाडी चालवायचा, त्याला मी बघितलंय, सहा फूट उंच आणि कायम दमलेला. बाईंना मात्र मी ओळखतो ते भोकातून. सुरुवात नेहमी तशीच. माइकवर बोटानं तीनदा टकटक, मग आवाज यायचा, “या मुनाफ, उठलास का?” अरबीतलं ‘या’ म्हणजे आपलं ‘अरे’. जसा काही मी तिथे झोपायलाच आलोय. मग, “तुझा डावा स्पीकर सर्दी झाल्यासारखा बोलतोय, बघ जरा.” आणि खरंच, वायर सैल असायची. आता वायर आत आणि मी बाहेर. मग काय करणार? भोकातून मी सांगायचो, बाई, काळी वायर सोडा, लाल धरा. एकदा तर डाग द्यायची तापलेली कैय भोकातून आत दिली, मुठीचा भाग त्यांच्याकडे करून, माझी दोन बोटं भाजली, आणि बाईंनी माझ्या सांगण्यावरून वायर डाग देऊन जोडली. पहिल्यांदा. आत तीनशे बायका थांबल्यात, नवरी थांबलीय, आणि बाई विचारतायत, “शिसं चमकतंय तोवर हलवायचं नाही ना?” मी म्हटलं, नाही. वर्षभरात त्या माझ्याशिवाय जोडायला लागल्या. इतकं सगळं. पण मी त्यांना बघितलेलं नाही.

मग नव्वदच्या ऑगस्टमध्ये सद्दाम कुवेतमध्ये घुसला. लग्नं आधी कमी झाली, मग बंदच. कोण मांडव घालतंय हो, जेव्हा आभाळातून काय पडेल सांगता येत नाही? आणि सुदानचं सरकार सद्दामच्या बाजूनं बोलत होतं, त्यामुळे नाक्यावर उस्मानची गाडी अडवली की कागद तीनतीनदा उलटून बघायचे. त्यानं काय केलं होतं? तो डफ वाहायचा. डफ. जानेवारीपर्यंत ताफ्यातल्या तीन जणी गावी परत गेल्या. बाईंच्या कफीलानं सांगितलं, इकामा संपतोय, काम नाही तर पुढचा करणार नाही. म्हणजे काय, पोर्ट सुदानला जा, तिथे तर कोणी वाजवायलाही बोलवत नाही, आणि घरात तीन तोंडं वाट बघतायत.

तेव्हा उस्मान तो फॉर्म घेऊन आला. नैरोबीत कोणी संस्था होती, आफ्रिकेतल्या वाजवणाऱ्या-गाणाऱ्या लोकांसाठी, ज्यांना हात आहे पण कागद नाही अशांसाठी. नऊ महिने शिकवणार, रेकॉर्डिंग, स्टेज, करार कसा वाचायचा ते, राहणं-जेवण त्यांचं, आणि नंतर तिथल्याच स्टुडिओत किंवा रेडिओवर काम लावून देणार. निम्म्या जागा बायकांना. शाळेची अट नाही. मी ते दोनदा विचारलं, शाळेची अट नाही? “नाही,” उस्मान म्हणाला, “पण बरोबर काम करणाऱ्या माणसाचं शिफारसपत्र हवंय. बखीता म्हणते, मुनाफशिवाय कोण आहे?”

आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसाला हे सांगायचं? मी फॉर्म घेतला आणि इथल्याच बथ्था बाजारात डॉक्टर गोपीनाथांच्या दवाखान्यात गेलो, आपले अकोल्याचे, इंग्रजी लिहिणारं माझ्या ओळखीचं तेवढंच माणूस. खोटा ताप सांगून नंबर लावला. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, काढला, माझ्याकडे बघितलं.

“ताप नाही. काय झालंय ते बोल.”

मी फॉर्म पुढे केला. त्यांनी भराभर भरला. सातव्या रकान्याशी आले. “किती वर्षं बघतोयस?”

“बघितलेलं नाही.”

“अरे तीन वर्षं काम करतोयस ना? तीन लिहितो.”

“डॉक्टरसाहेब, बघितलेलं नाही.”

“मुनाफ, नैरोबीहून कोण येणार आहे तुझे डोळे तपासायला?”

“नैरोबीचं सोडा, यावर माझा कफील म्हणून शिक्का अबू फहद मारणार. परक्या बाईला तीन वर्षं बघतोय असं मी सही करून लिहून देऊ? रियाधमध्ये?”

डॉक्टरांचं पेन थांबलं. चष्मा काढला. “हे मात्र खरं,” म्हणाले. “पण तुला भीती शिक्क्याची आहे की खोटं लिहायची?” मी म्हटलं, दोन्हीची. शिक्क्याची थोडी जास्त. मग त्यांनी विचारलं, “मग लिहू काय?” आणि मी जे होतं ते सांगितलं. त्यांनी लिहिलं. सातव्या रकान्यात ‘एकदाही नाही’, आणि खाली, ‘ऐकत मात्र तीन वर्षं आहे.’ वर म्हणाले, “असं शिफारसपत्र मी जन्मात बघितलेलं नाही. आता तापाचं औषध घेऊन जा, बाहेर लोक बसलेत.”

अबू फहदनं शिक्का मारायच्या आधी एकच विचारलं, “तू आत बघितलंस?” म्हटलं, नाही. “वल्लाह?” म्हटलं, वल्लाह, देवाशपथ. “खलास.” मारला शिक्का. तुम्हाला सांगतो, त्या एका नाहीनं मी वाचलो, पण बाईंचं काय? उस्माननं पत्र फॅक्सनं पाठवलं, बाईंनी वाजवलेलं कॅसेटवर भरून कोणा जाणाऱ्याबरोबर पाठवलं, आणि आम्ही बसलो. मला झोप नाही. कशी येणार, ज्या माणसानं शिफारस करायची त्यानं लिहून दिलंय की मी बघितलेलंच नाही. त्या लोकांना काय वाटलं असेल, की हा चेष्टा करतोय?

तसंच वाटलं. महिन्याअखेरीला फोन आला. दुकानात. दुपारची नमाज होऊन थोडाच वेळ झालेला, मी वायरी गुंडाळतोय, अबू फहद फोन घेतो, ऐकतो, आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघतो की जणू मीच सद्दामला बोलावलंय. “बाई आहे. नैरोबीहून. तुला.”

मला. बाई. फोनवर. मी रिसीव्हर कानाला लावला. त्या केनियाच्या किनाऱ्यावरच्या असाव्यात, अरबी चांगली बोलत होत्या, माझी मात्र दुकानातली अरबी, आण-ने-ठेव-किती एवढीच. बाई म्हणाल्या, “तुम्ही मुनाफ? सातव्या रकान्यात तुम्ही ‘एकदाही नाही’ लिहिलंय. मग शिफारस कशाची करताय? आज दुपारनंतर यादी बंद होतेय.”

मी सांगायला तोंड उघडलं आणि सायरन झाला.

आता सायरन झाला की काय करायचं ते ठरलेलं होतं. विषारी वायूसाठी दिलेला मुखवटा घालायचा, मागच्या खोलीत जायचं, तिच्या दाराखिडक्यांना आम्ही प्लास्टिक चिकटवलं होतं, ओला टॉवेल उंबऱ्याला. फोन मागच्या खोलीत जात नाही. वायर दीड हात. अबू फहदनं स्वतःचा मुखवटा घातला, माझा माझ्या डोक्यावर ओढला, आणि हातानं ‘यल्ला, यल्ला’ करत आत गेला. मी उभाच. मुखवट्यातून बोलतोय. नैरोबीच्या बाई विचारतायत, “लाइन खराब आहे का? तुम्ही पाण्यात आहात का?”

मी म्हटलं, पाण्यात नाही, युद्धात आहे, जरा थांबा. आणि मग सांगितलं, जमेल तसं. की आमच्याकडे पुरुषाला आत जाता येत नाही. मी भिंतीमागे असतो. त्या वाजवतात ते मी ऐकतो. हॉलमध्ये एसी असतो, अर्ध्या तासात डफाचं चामडं ढिलं पडतं, आवाज ओल्या पापडासारखा होतो, बाकीच्या बायका तशाच वाजवत राहतात. बखीताबाईंना आधी कळतं. गाणं न थांबवता त्या हातातला डफ शेजारणीला देतात, हिटरवर तापवलेला घेतात, आणि ठेका एकदाही सुटत नाही. मला कसं कळतं? आवाज एकदम उजळतो म्हणून. आणि वायर जोडता येते त्यांना. मीच शिकवली. भिंतीतून.

सायरन चालूच. मग बाई म्हणाल्या, “माझ्यासमोर तीन अर्जदारांच्या कॅसेट आहेत. वाजवते. तुमची बाई कुठली ते सांगा.”

आता सांगा, मुखवट्यात काय ऐकू येतं? स्वतःचा श्वास. फुस्स, फुस्स, जसा कोणी शेजारी झोपलाय. पहिली कॅसेट वाजली, मला फक्त फुस्स. मी म्हटलं, पुन्हा लावा. आणि मुखवटा काढला. मागच्या खोलीच्या दाराच्या काचेतून अबू फहद बघत होता, प्लास्टिकमागे, दोन्ही हात हलवत होता, वेडा झालास का, मजनून, असं काहीतरी ओरडत असणार. मी पाठ फिरवली. एका कानात बोट घातलं, दुसऱ्याला रिसीव्हर. पहिली नाही. दुसरी... दुसरी चांगली होती, खूप चांगली, पण नाही. तिसरी सुरू झाली आणि माझे डोळेच भरून आले, काय सांगू. डाव्या हाताची अंगठी डफाच्या कडेला लागते, टिक्, प्रत्येक फेरीला, मी त्यांना तीनदा सांगितलं होतं अंगठी काढा म्हणून.

“तिसरी,” मी म्हटलं. “पण हा डफ त्यांचा नाही. कोणाचातरी मागून आणलाय. कडा जाड आहे.”

कागद उलटल्याचा आवाज आला. मग बाई हळूच म्हणाल्या, “त्यांनी चिठ्ठी लिहिलीय. सायरन झाला म्हणून डफ हिटरवर ठेवून पळाल्या, परत आल्या तर फाटलेला. शेजारणीचा घेऊन वाजवलंय, माफ करा, असं.” आणि म्हणाल्या, “सातवा रकाना मी बदलत नाही. आहे तसाच राहू दे. तुम्ही तो मुखवटा घाला आता.”

त्या दिवशी काही पडलं नाही. अबू फहद बाहेर आला तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. पण बाईंची निवड झाली. मार्चमध्ये, लढाई थांबल्यावर, त्या गेल्या. उस्मान पोचवायला गेला होता, येताना मला खजुराचा डबा घेऊन आला, बाईंनी दिला म्हणून, आणि निरोप, “मुनाफला सांग, अंगठी काढली.” मला विचारलं लोकांनी, कशा दिसतात रे? काय सांगू? मी त्यांना बघितलेलं नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पण मग काय झालं, ऐका. सहा महिने थांबलेली सगळी लग्नं एकदम निघाली. रोज हॉल, कधी दोन. आणि ताफ्यात बखीताबाईंच्या जागी आता उस्मानची मावसबहीण, कुठून तरी जेद्द्याहून आणलेली, एकोणीस वर्षांची. पोर मनानं चांगली आहे. पण वाजवते... आता मी काय बोलू. डफ हिटरवर ठेवायचं तिला सुचतच नाही, सगळं लग्न ओल्या पापडावर. ठेका असा सुटतो की आतल्या बायका टाळ्या वाजवायच्या थांबतात. आणि मी भिंतीमागे, भोकाला कान. आवाज कमी करावा तर उस्मान रागावतो, वाढवावा तर मला सोसत नाही.

गेल्या आठवड्यात उस्मान आला, हातात तोच फॉर्म. म्हणाला, “या मुनाफ, हिलाही नैरोबीला जायचंय. तू पत्र दे ना, तुझ्या पत्राला तिथे किंमत आहे.”

तुम्हाला सांगतो, माझा हात पेनाकडे गेला होता. जावी की, शिकावी की, नऊ महिने माझ्या कानाला तरी सुट्टी. पण सातव्या रकान्याखाली ऐकलेलं लिहावं लागतं. खरं लिहिलं तर ती इथेच राहते आणि खोटं मला लिहिता येत नाही. फॉर्म अजून माझ्या उशाशी आहे, आणि या शुक्रवारी दोन लग्नं आहेत.