डोळे मिटून ओळखलेले दगड

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर एक बहीण-भाऊ बसले होते आणि कडेला सुतारकाका, बायको गेल्यापासून एकटेच येणारे. नर्सबाईंनी तिघांच्याही डोळ्यांत थेंब घालून डोळे मिटायला सांगितलं होतं. त्या मऊ अंधारात काकांना शेजारचं बोलणं ऐकू येत होतं.

“ताई, माझी नजर गेली की कपाटातले सगळे दगड देऊन टाक कुणाला तरी.”

“आधी पिशवीतला हा दगड घे. गालाला लाव.”

“गार आहे, गुळगुळीत. संगमरवर.”

“त्याआधी कोण होता तो?”

“चुनखडी. त्याच्याही आधी समुद्रातले शिंपले. मग जमिनीच्या पोटात भाजला, दाबला गेला आणि वेगळाच होऊन वर आला.”

“आणि हा?”

“बोटाला वाळू लागतेय. वालुकाश्म. पण तू मुद्दाम सोपे काढतेयस.”

“लहानपणापासून रडकाच तू! धर, हा अवघड.”

दगड आला तो काकांच्या तळहातावर.

“ओळख की!”

“हलका आहे, भोकाभोकांचा. आमची ही टाचा घासायची असल्या दगडाने. तिचा अजून न्हाणीत आहे, मी हलवला नाही.”

“अगं बाई! भलत्याच्याच हातात दिला की!”

“असू दे, ताई. काका, तो ज्वालामुखीचा फेस. उसळता उसळता गोठलेला. पाण्यावर तरंगतो.”

“तरंगतो? हिला ठाऊक असतं तर मला बोलावून दाखवलं असतं.”

“घरी बादलीत सोडून बघा.”

“बघतो.”

“ताई, पिशवीत अजून आहेत ना? अवघडातला काढ. आणि काकांनाही एक दे.”