गणपती उशाशी, नवरा मऊ बाजूला

नव्या गादीवर पाठ टेकली आणि फळीवर निजल्यासारखं वाटलं, तिथेच मी घाबरले. अगं, आम्हा दोघांनाही कंबरदुखी, म्हणून उल्हासनगरला गादी मुद्दाम बनवून घेतली होती. आतून नवऱ्याच्या बाजूला कडक फोम, माझ्या बाजूला मऊ. आणि आता नवराच मऊ बाजूला रुतून कण्हत होता.

सासूबाई म्हणाल्या, "मी फिरवली गादी. एका टोकाला गणपतीचा छाप आहे, तो पायाशी कसा चालेल?"

परत फिरवली तर देव पायाशी, नाही फिरवली तर दोघांच्या कमरा कामातून गेल्या. दुकानात फोन लावत राहिले. शेवटी शेठनी उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, सबकी सासूमाँ घुमाती है. गद्दा रहने दो, आप दोनों जगह बदल लो."