दरवाज्याजवळची सीट

मुलगी : सर, मी काय विचारलं ते ऐकलंत का? वेळ आलीच तर विमानाचा हा संकटकाळचा दरवाजा तुम्हाला उघडता येईल?

वडील : सर? अगं, बापाला सर म्हणतेस?

मुलगी : अंगावर युनिफॉर्म आहे, बाबा. उत्तर द्या.

वडील : येईल की! उभा जन्म बस चालवली मी. एका दरवाज्याचं काय घेऊन बसलीस!

शेजारचा प्रवासी : मलाही येईल. टाका लिहून.

मुलगी : लिहून भागत नाही. हा दरवाजा अख्खा उचलून बाहेर फेकावा लागतो, दोन्ही हातांनी. बाबा, हात वर करा बघू.

वडील : हा घे.

मुलगी : हा नाही. खांद्याचं ऑपरेशन झालंय तो.

(वडील खिडकीबाहेर बघू लागतात.)

मुलगी : शर्टाची बाही अजून आई चढवते तुमची. उठा, मागची सीट देते.

वडील : हळू बोल गं. चारचौघांत शोभा करतेस बापाची? काउंटरवरच्या पोराच्या किती विनवण्या करून मिळवलीय ही जागा!

मुलगी : पाय पसरायला?

वडील : सूचना देताना तू इथेच उभी राहतेस म्हणे. ढग काय, कुणीही बघेल. मला तुला काम करताना बघायचं होतं. तुझी आत्या सगळ्यांना सांगत फिरते, पोरगी वर चहा वाटते म्हणून.

मुलगी : चहाही देते. पण तुम्ही आत यायच्या आधी मी सीटखाली हात घालघालून लाइफ जॅकेटं बघितली आहेत. ऑक्सिजनची बाटली भरलेली आहे ना, बाथरूममध्ये कुणी काही ठेवून गेलं नाही ना, तेही बघितलंय. आता या रांगेपाशी अडलंय. माझा होकार गेल्याशिवाय विमान हलत नाही.

वडील : म्हणजे हे एवढं मोठं धूड तुझ्या शब्दावर थांबलंय?

मुलगी : आत्ता तुमच्यापायी थांबलंय.

शेजारचा प्रवासी : जाऊ द्या हो, ताई. हौसेने बसलेत बिचारे. काही होत नाही.

वडील : ओ साहेब, ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनाच मी बसच्या पायरीवरून खाली उतरवायचो. सख्ख्या भावालाही सोडलं नाही. किती दिवस अबोला धरला होता त्याने!

मुलगी : काका अजून ऐकवतात.

वडील : ऐकवू दे. चल, सरक, उठतो मी.

मुलगी : बाबा, मागून मी नीट दिसणार नाही हं.

वडील : दिसलीस की! अंगावर मूठभर मांस चढलं बघ माझ्या.

शेजारचा प्रवासी : कमाल आहे बुवा! सख्ख्या बापाला उठवलं हिने.

वडील : बघितलंत ना? मग आता निर्धास्त बसा.