ऑइलचा दिवा

ताई: बंड्या, तूच सांग मिस्त्रींना. गाडी मला विकताना काय म्हणाला होतास? इंजिन ठणठणीत!

बंड्या: होतंच, ताई. माझ्याकडे होती तोवर हा दिवा एकदाही लागला नाही.

ताई: आणि आमच्या दारात आली नि लागला! ह्यांनी ऑइल बदललं, तरी तसाच. शेजारी म्हणतात, ऑइलचा पंप गेला, आता इंजिनच उघडावं लागणार.

मिस्त्री: उघडू हो, एवढी काय घाई? हा दिवा म्हणतोय, इंजिनात ऑइलचा दाब कमी आहे. आधी तो खरं बोलतोय का, ते बघू. दाब मोजणारा सेन्सर मी काढलाय, त्याच्या जागी माझं मीटर लावलंय. भाऊ, करा सुरू. हं. थोडी रेस द्या. बास. इंजिन बंद करा, किल्ली मात्र चालू राहू दे.

बंड्या: किती दाखवलं?

मिस्त्री: हवा तेवढा. इंजिन उत्तम आहे, पंपही उत्तम.

ताई: अरे, उतरून मिस्त्रींचा हात काय धरलास? ग्रीस लागेल!

बंड्या: लागू दे गं. मला वाटायला लागलं होतं, खरंच काहीतरी बिघडलेलं होतं आणि मलाच कळलं नाही. भाऊजी जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, सख्ख्या बहिणीला गंडवलं.

ताई: त्यांच्या जिभेला हाड नाही, तुला माहीत आहे.

बंड्या: त्यांचं सोड. तू भाजी वाढत राहिलीस.

मिस्त्री: ताई, जरा बघा, दिवा अजून लागलेलाच आहे का?

ताई: अं? हो, लागलाय.

मिस्त्री: लागायला नको. सेन्सर तर माझ्या हातात आहे! म्हणजे दिवा सेन्सर नाही, त्याच्याकडे येणारी वायरच वाटेत कुठेतरी पत्र्याला टेकून लावतेय. मी वायर हलवत जातो, तुम्ही दिव्यावर नजर ठेवा.

ताई: लागलाय... लागलाय... विझला! छे, परत लागला.

मिस्त्री: सापडली. ही बघा, हॉर्नच्या पट्टीखाली चेपलीय. वरचं आवरण फाटून आतली तार उघडी पडलीय. हॉर्न नवा दिसतोय. कुणी बसवला?

ताई: ह्यांनी.

बंड्या: भाऊजींनी?

ताई: घरीच. जुना मांजरासारखा ओरडतो म्हणे! मी टॉर्च धरून उभी होते.

बंड्या: आणि हसतेस काय?

ताई: मग काय करू? महिनाभर तुझ्याशी धड बोलले नाही रे मी. फोन आला की ह्यांच्या हातात द्यायचे. हसू दे मला, नाहीतर इथेच भोकाड पसरेन.

मिस्त्री: तेवढ्यात माझं काम होतं. वायरला नवी नळी चढवली, पट्टीपासून लांब बांधली. सेन्सरही जागेवर. ताई, आता तुम्ही करा सुरू.

(इंजिन सुरू होतं. तिघंही दिव्याकडे बघतात.)

ताई: गेला! बंड्या, गेला रे!

मिस्त्री: बिनधास्त चालवा.

बंड्या: ताई, एक ऐक. हॉर्नचं भाऊजींना सांगू नकोस. वायर खराब होती, एवढंच सांग. उगाच ओशाळतील.

ताई: ओशाळू देत. आज जेवताना, सगळ्यांसमोर सांगणार आहे.

बंड्या: अगं, कशाला?

ताई: जेव्हा बोलायला हवं होतं, तेव्हा तोंड उघडलं नाही. चल, बस गाडीत. तू समोर असलास की मला धीर येईल. एकटीला नाही जमायचं.

बंड्या: थांब, आधी घरी कळवतो. म्हणावं, माझं पान वाढू नका, मी ताईकडे जेवतोय.